मालगुजारी, तेंदूपाने आणि विधी पदवी : गोंदिया परिसरातील कायदेशिक्षणाचा मागोवा

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मात्र या भूभागातील माणसांचा कचेरीशी आणि न्यायालयाशी जडलेला संबंध पुष्कळ जुना असून त्याची मुळे जमीन, तलाव आणि जंगल यांच्या मालकीच्या प्रश्नांत रुतलेली आहेत. या संबंधातूनच येथे वकिलाची गरज निर्माण झाली आणि वकील होण्यासाठी लागणारे विधिशिक्षण घेण्याकरिता येथील विद्यार्थ्याला नागपूरची वाट धरावी लागली. विद्यापीठात शिकवला जाणारा कायदा आणि गावात वागवला जाणारा हक्क यांच्यात या प्रवासामुळे जे अंतर पडले, ते विसाव्या शतकातील काही महत्त्वाच्या निवाड्यांमध्ये अनपेक्षितपणे मिटलेले दिसते, आणि म्हणूनच या जिल्ह्यातील विधिशिक्षणाचा इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा ठरतो.

नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन भंडारा हा त्यातील एक जिल्हा बनला. इंग्रजी अमलाने येथे मालगुजारी पद्धत पक्की केली. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे त्या मालगुजाराला गावाच्या जमिनीचा मालक मानण्यात आले, तर जंगलपट्ट्यातील मोठ्या मुलखांवर जमीनदारांचे हक्क मान्य झाले. गावकऱ्यांना सरपण, चराई, पाणी, घरबांधणीचे लाकूड अशा नित्याच्या गरजा भागवण्याचा जो परंपरागत हक्क होता त्याला निस्तार म्हणत, आणि गावच्या चालीरीती व असे सामाईक हक्क ज्या दस्तऐवजात नोंदले जात त्याला वाजिब-उल-अर्ज हे नाव होते. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी कोणत्या शेताला कोणत्या क्रमाने मिळावे, हा प्रश्नही याच नोंदींच्या आधारे सोडवला जाई. जी गोष्ट पूर्वी गावच्या बैठकीत तोंडी ठरे ती कागदावर आली, कागदाचा अर्थ लावणे आले, आणि अर्थ लावणारा जाणकार माणूस आवश्यक झाला.

हा जाणकार माणूस प्रारंभी पदवीधर असेच, असे नव्हते. 1879 च्या विधिव्यवसायी अधिनियमाने वकील, प्लीडर, मुख्त्यार आणि महसुली कामे पाहणारे अभिकर्ते अशा पायऱ्या निश्चित केल्या होत्या, आणि खालच्या पायरीवरचा परवाना विद्यापीठाच्या पदवीशिवायही मिळवता येत असे. वरच्या दर्जाची वकिली करावयाची तर मात्र विद्यापीठाची विधी पदवी लागे. नागपुरात 1883 मध्ये हिस्लॉप आणि 1885 मध्ये मॉरिस ही महाविद्यालये सुरू झाली असली, तरी प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नसल्यामुळे येथील महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न राहिली; त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातील विद्यार्थ्याच्या पदवीवर शेकडो मैल दूरच्या विद्यापीठाची मोहोर उमटत असे.

ही स्थिती 1923 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेने पालटली. त्याच वर्षी विधिव्यवसायी (महिला) अधिनियम संमत होऊन केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिलीची सनद, म्हणजे व्यवसायाचा अधिकृत परवाना, नाकारण्याचा मार्ग बंद झाला. विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाला पहिल्या काळातच व्हिवियन बोस यांच्यासारखे प्राचार्य लाभले आणि 1935 पासून काही वर्षे एम. हिदायतुल्ला यांनी तेथे अध्यापन केले. बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तर हिदायतुल्ला 1968 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. 1936 च्या जानेवारीत नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर वर्गात शिकवला जाणारा कायदा आणि त्याचा अर्थ ठरवणारे न्यायपीठ ही दोन्ही एकाच शहरात आली.

गोंदियाच्या विद्यार्थ्याला या शहराशी जोडणारा दुवा रेल्वेचा होता. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर असलेले गोंदिया विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे आणि पुढे चांद्याकडे जाणाऱ्या फाट्यांमुळे मोठे जंक्शन बनले, तेथे धान, लाकूड आणि विडी यांचा व्यापार वाढला, आणि व्यापारासोबत करार, उधारी, भागीदारी व मालवाहतूक यांचे तंटेही वाढले. तथापि पदवीचा मार्ग दुहेरी खर्चाचा होता, कारण त्या काळी एलएल.बी. ही आधी दुसऱ्या शाखेची पदवी घेऊन मग करावयाची दोन वर्षांची पदवी होती. ज्या घरात मुलाला सहा-सात वर्षे नागपुरात ठेवण्याची ऐपत होती, त्याच घरातून वकील होणे शक्य असल्याने मालगुजार, व्यापारी आणि नोकरदार यांच्या पलीकडे ही पदवी फारशी पोहोचली नाही, आणि निस्तार हक्कांवर ज्यांचा संसार चालत असे ते शेतमजूर व आदिवासी प्रामुख्याने पक्षकार म्हणूनच न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेमुळे कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांची पहिली पदवी गावाजवळ घेता येऊ लागली, तेव्हा या दुहेरी खर्चाचा अर्धा भार हलका झाला, आणि विधिशिक्षणाच्या प्रसारात या घटनेचे महत्त्व मोठे आहे.

स्वातंत्र्योत्तर दशकात या मुलखाचे प्रश्न थेट देशाच्या विधिग्रंथांत शिरले. विडी-उद्योगाकडे मजूर वळल्याने शेतीला माणसे मिळत नाहीत, या कारणास्तव मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 मध्ये एक कायदा करून शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास मनाई करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता. सागर जिल्ह्यातून आलेल्या चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, कारण शेतीशी ज्यांचा संबंध नाही अशा वृद्ध, अपंग किंवा स्त्रियांनाही ती रोजगारापासून वंचित करत होती. व्यवसायस्वातंत्र्यावरील निर्बंध ‘वाजवी’ केव्हा मानावा, याचा पहिला धडा देशभरातील विधी विद्यार्थी आजही या निवाड्यातून गिरवतात. तो धडा ज्या कायद्यातून निघाला त्याच कायद्याच्या छायेत तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील विडी कामगारही राहत होते.

दुसरी मालिका तेंदूपानांची आहे. मध्य प्रदेश स्वामित्वाधिकार निर्मूलन अधिनियमानुसार 31 मार्च 1951 रोजी मालगुजार आणि जमीनदार यांचे हक्क शासनाकडे गेले. परंतु त्याआधीच अनेक मालकांनी आपल्या जंगलातील तेंदूपाने, लाख आणि इमारती लाकूड काढून नेण्याचे करार व्यापाऱ्यांशी केले होते. हे करार शासनावर बंधनकारक आहेत काय, हा प्रश्न गोंदियाच्या विडी-व्यवसायात नाव असलेल्या छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी या पेढीने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1952 च्या अखेरीस निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने लागला. हा विचार फार काळ टिकला नाही. 1958 च्या शांताबाई खटल्यात न्या. बोस यांनी झाड आणि उभे इमारती लाकूड यांच्यातील भेद विशद केला. जे झाड लवकरच तोडून नेण्याच्या हेतूने उभे आहे ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या दृष्टीने जंगम ठरते, मात्र ज्याला पुढेही जमिनीतून पोषण घेत वाढत राहावयाचे आहे ते स्थावर मालमत्तेचा भाग असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन वर्षानुवर्षे तेथील उत्पन्न काढून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील हितसंबंध असल्याने तो नोंदणीकृत दस्ताशिवाय निर्माण होत नाही, हे तत्त्व 1959 च्या महादेव खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी तेंदूपानांच्या करारांना लागू केले आणि व्यापाऱ्यांचा दावा फेटाळला.

या मालिकेचे शैक्षणिक महत्त्व विशेष आहे. नागपूरच्या विधी महाविद्यालयाशी निगडित राहिलेल्या दोन अध्यापकांनी न्यायमूर्ती या नात्याने दिलेले हे निवाडे मालमत्ता कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावले, आणि स्थावर व जंगम यांतील फरक शिकणारा कोणत्याही राज्यातील विद्यार्थी नकळत या जंगलाच्या अर्थव्यवस्थेचाच अभ्यास करू लागला. मात्र पाठ्यपुस्तकात उरले ते तत्त्व. मे महिन्याच्या उन्हात पाने तोडून, त्यांचे पुडे बांधून फडावर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या ठिकाणी, नेणाऱ्या मजुराचा त्या पानांवर काही हक्क आहे काय, हा प्रश्न व्यापारी आणि शासन यांच्यातील या वादात उपस्थितच झाला नाही. त्याचे उत्तर मिळण्यासाठी 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला, ज्याने गौण वनोपजावरील, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या उत्पन्नावरील, ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य केला.

दरम्यान विधी पदवीचे स्वरूपही बदलले. अधिवक्ता अधिनियम 1961 नुसार वकिलांचे विविध दर्जे जाऊन ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग राहिला, पदवीचा किमान दर्जा ठरवण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आले, आणि पदवीनंतरचा अभ्यासक्रम दोनाऐवजी तीन वर्षांचा झाला. 1980 च्या दशकापासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम रूढ होऊ लागला, आणि नागपुरात 2016 पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. प्रवेशाचे दार त्यामुळे रुंदावले, तरी प्रवेश परीक्षेची तयारी, इंग्रजीवरील प्रभुत्व आणि शहरातील राहण्याचा खर्च हे नवे उंबरठे देवरी किंवा सालेकसा येथील विद्यार्थ्यासमोर उभे राहिले. जो विद्यार्थी घरी पोवारी किंवा गोंडी बोलतो, शाळेत मराठीत शिकतो आणि निवाडे इंग्रजीत वाचतो, त्याला एका हक्काची तीन भाषांतली रूपे मनात जुळवावी लागतात. हे कष्ट मोठे आहेत, पण साक्षीदाराची भाषा समजणारा वकील घडतो तो याच कष्टांतून.

या जिल्ह्यात कायद्याचे स्थानिक ज्ञान आजही कालबाह्य झालेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना स्थान असून तलावाच्या पाण्याचे, चराईचे व वहिवाटीचे वाद त्यांच्याच आधारे लढवले जातात. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत खुरट्या झाडोऱ्याची जमीन म्हणून लिहिलेला प्रदेश, वनजमीन ठरवला, तेव्हा शतकापूर्वीच्या गावनोंदीतील एका शब्दावर घरे, शाळा आणि शेते यांचे भवितव्य अवलंबून असल्याचे पुन्हा स्पष्ट झाले. अशा नोंदी वाचण्याचे शिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमात सक्तीच्या प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने सहज देता येईल, आणि ते देणे अगत्याचे आहे. ज्या मुलखाच्या झाडापानांनी देशाला मालमत्ता कायद्याची तत्त्वे पुरवली, त्या मुलखातील पाने तोडणाऱ्या घरातला विद्यार्थी आपल्या गावचे वाजिब-उल-अर्ज स्वतः वाचून न्यायालयात मांडू लागेल, तेव्हाच नागपूरच्या वाटेने गेलेले हे शिक्षण गावी परतले असे म्हणता येईल.