राजदूतचे ब्रेक

परवा नातू पुण्याहून आला होता. पडवीत झाकून ठेवलेल्या माझ्या राजदूतवरचं पोतं त्यानं काढलं आणि म्हणाला, "आजोबा, हिला दुरुस्त करू. पल्सरचा डिस्क ब्रेक बसवून टाकू." मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागली नाही. या गाडीच्या ब्रेकबद्दल मी घरात चाळीस वर्षं एक गोष्ट खोटी सांगत आलो आहे. आज ती लिहून टाकतो.

आधी थोडा इतिहास. मास्तरची सवय, सुटत नाही.

आपल्या बैलगाडीला ब्रेक नसतो. उतारावर बैलच जू मानेवर तोलून गाडी आवरतात. तिकडे इंग्लंडात घोडागाडीच्या चाकाला लाकडी ठोकळे दाबत. ते झिजत, जळत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ साली ब्रेकला लावायचं टिकाऊ अस्तर करायला घेतलं. हेच आपलं 'लायनर'. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. म्हणजे दोघं जुळे भाऊच! पण मोटरसायकलवर डिस्कचे दिवस यायला १९६९ ची होंडा सीबी ७५० उजाडावी लागली.

आपल्याकडे तर आणखी उशीर. यामाहाच्या आरडी ३५० ला जपानमध्ये पुढे डिस्क होती. तीच गाडी १९८३ साली एस्कॉर्ट्सने 'राजदूत ३५०' म्हणून इथे आणली, तेव्हा डिस्क काढून ड्रम लावला. पळण्याची ताकद आली, थांबण्याची मागे राहिली. पुढे १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर १८० आल्यावर डिस्क आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली.

माझी राजदूत साधी, १७५ सीसीची. मूळ पोलंडच्या एसएचएलवर बेतलेली. दूधवाले, मास्तर, ग्रामसेवक यांची लाडकी. १९८१ साली मी ती जुनी घेतली. पुढचा ब्रेक वायरवर, मागचा रॉडवर, दोन्ही ड्रम.

१९८४ च्या मे महिन्यात आमचे मिस्त्री म्हणाले होते, "गुरुजी, गाडी पयते बरी, पन थांबत नाई. मांगचं लायनर बदलून घ्या." मी म्हटलं, पगार झाल्यावर बघू. आठ दिवसांनी हिला मागे बसवून मलकापूरला लग्नाला निघालो. चिखली, बुलडाणा गेलं आणि राजूर घाट सुरू झाला.

टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन उतारावर फारसं धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. मी तर मागचा ब्रेक सतत दाबूनच ठेवला होता. ड्रम तापला की फुगतो, शू पासून लांब जातो. तापलेलं लायनरही घसरायला लागतं. इथे तर लायनरच उरलं नव्हतं. एका वळणावर पायडल खालपर्यंत गेलं. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. खाली बारीक खडी. आम्ही दोघं रस्त्यावर.

हिचं कोपर मोडलं. ते आजही पूर्ण सरळ होत नाही. 'खडीवरून गाडी घसरली,' एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. खडी होती हे खरं. पण मिस्त्रींनी सांगितलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. हिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन गॅरेजात गेलो. आता मिस्त्रींचा मुलगा बसतो. तो म्हणाला, डिस्क बसवायची तर पुढचे शॉकअप, हब, सगळंच बदलावं लागेल. शिवाय जुन्या गाडीत असा फेरफार आरटीओत चालत नाही. मग जे आहे तेच नीट करायचं ठरलं. ड्रम लेथवर साफ केला. लायनर, स्प्रिंगा, वायर नव्या टाकल्या. कॅमला अगदी बोटभर ग्रीस, जास्त झालं तर लायनरवर जातं. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरची दांडी आणि रॉड यांचा काटकोन व्हावा. दांडी त्यापलीकडे गेली की जोर कमी होतो आणि लायनर संपत आलं असं समजावं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून काढू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

नातवाला एक गणितही घातलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला अंतर चौपट लागतं. त्याच्या नव्या गाडीला एबीएस आहे. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना ते सक्तीचंच झालं. पण झिजलेलं लायनर एबीएसलाही पुरत नाही.

संध्याकाळी हिला सगळं खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. मिस्त्री दवाखान्यात भेटायला आले होते ना."

मग मेथीची जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "निवडा."