बटण दाबलं, पण काहीच झालं नाही! वेबपेजवरचं क्लिक नेमकं कुठे अडकतं?

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. नाव, पत्ता, बँक खात्याचा नंबर सगळं भरून झालं. कागदपत्रं अपलोड झाली. शेवटी 'अर्ज सादर करा' या बटणावर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा क्लिक केलं, तरी तेच. एरर नाही, मेसेज नाही, पान जसंच्या तसं.

असा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी पहिला संशय इंटरनेटवर किंवा सर्व्हरवर जातो. पण अनेकदा दोष त्या पानाच्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये असतो. वेबसाईट बनवायला नव्याने शिकणाऱ्यांना तर 'बटण चालत नाही' ही अडचण अगदी सुरुवातीलाच येते.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की यामागची नेहमीची कारणं मोजकी आहेत. क्लिक झाल्यावर ब्राऊझरमध्ये काय घडतं हे समजलं, तर बिघाड कुठे आहे हे अंदाज न बांधता शोधता येतं.

क्लिक केल्यावर ब्राऊझरमध्ये काय होतं?

वेबपेजचा सांगाडा एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो. ब्राऊझर तो वरून खाली वाचत जातो आणि प्रत्येक बटण, चौकट, चित्र, परिच्छेद यांची झाडासारखी रचना तयार करतो. या रचनेला 'डॉम' म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक घटकाला 'एलिमेंट'.

या एलिमेंट्सना हालचाल देण्याचं काम जावास्क्रिप्ट करते. ब्रेंडन आयक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना या भाषेची पहिली आवृत्ती अवघ्या १० दिवसांत तयार केली होती. आज जवळपास प्रत्येक वेबसाईटवर तीच वापरली जाते.

कोडमध्ये एखाद्या बटणाला सांगून ठेवावं लागतं, की 'तुझ्यावर क्लिक झालं की हे काम कर'. या सूचनेला 'इव्हेंट लिसनर' म्हणतात. ती 'अ‍ॅड इव्हेंट लिसनर' या आज्ञेने जोडली जाते.

म्हणजे एक साधं क्लिक यशस्वी व्हायला चार गोष्टी घडाव्या लागतात. स्क्रिप्ट चालली पाहिजे, तिला योग्य एलिमेंट सापडलं पाहिजे, क्लिक त्या एलिमेंटपर्यंत पोहोचलं पाहिजे आणि त्यानंतरचं काम मध्येच बंद न पडता पूर्ण झालं पाहिजे. बटण बंद असेल, तर यातली एखादी कडी तुटलेली असते.

सगळ्यात आधी कन्सोल उघडा

कॉम्प्युटरवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये 'एफ १२' हे बटण दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यात 'कन्सोल' नावाचा भाग असतो. कोडमध्ये काही चुकलं असेल, तर तिथे लाल रंगात मेसेज दिसतो. सोबत फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चूक बटणाच्या कोडमध्येच असेल असं नाही. फाईलमध्ये वर कुठेतरी, समजा फोटो स्लायडरच्या कोडमध्ये एरर आली, तर त्या फाईलमधल्या खालच्या ओळी चालतच नाहीत. बटणाचा कोड त्या खालच्या ओळींमध्ये असेल, तर तो बरोबर असूनही बटण बंद पडतं. कंस बंद करायचा राहिला असेल, तर अख्खी फाईलच चालत नाही. म्हणून कन्सोलमधली सर्वात पहिली एरर आधी सोडवायची.

'नल' म्हणजे बटण सापडलंच नाही

कन्सोलमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या मेसेजपैकी एक असतो 'नल'चा. 'नल' म्हणजे काहीही नाही. कोडने बटण शोधलं, पण हाताला काहीच लागलं नाही, आणि त्या 'काहीच नाही'ला लिसनर जोडायचा प्रयत्न झाला.

याचं नेहमीचं कारण म्हणजे क्रम. ब्राऊझर पान वरून खाली वाचतो. स्क्रिप्ट पानाच्या 'हेड' भागात असेल, तर ती चालते तेव्हा खालचं बटण अजून तयारच झालेलं नसतं. पाहुणा यायच्या आधीच त्याला हाक मारण्यासारखं हे आहे.

यावर तीन उपाय आहेत. स्क्रिप्टचा टॅग 'बॉडी'च्या अगदी शेवटी ठेवायचा. किंवा बाहेरच्या फाईलमधल्या स्क्रिप्टला 'डिफर' हा गुणधर्म द्यायचा, म्हणजे पूर्ण पान वाचून झाल्यावरच ती चालते. किंवा 'डॉम कंटेंट लोडेड' या इव्हेंटची वाट पाहून मग कोड चालवायचा. आजकाल 'डिफर' हा सोपा मार्ग मानला जातो.

क्रम बरोबर असूनही 'नल' येत असेल, तर नाव तपासायचं. आयडीमध्ये लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. 'गेट एलिमेंट बाय आयडी' वापरताना आयडीच्या आधी हॅश चिन्ह (#) द्यायचं नसतं, तर 'क्वेरी सिलेक्टर' वापरताना ते द्यावंच लागतं. या दोन्हींची सरमिसळ ही फार सामान्य चूक आहे.

दोन बटणांना एकच आयडी दिला असेल, तर 'गेट एलिमेंट बाय आयडी' फक्त पहिलं बटण शोधून देतं. दुसरं बटण दिसतं, पण चालत नाही. बरीच बटणं असतील, तर त्यांना क्लास द्यावा आणि 'क्वेरी सिलेक्टर ऑल'ने शोधावीत. मात्र ही आज्ञा एक बटण देत नाही, तर बटणांची यादी देते. यादीला थेट लिसनर जोडता येत नाही, लूप फिरवून प्रत्येक बटणाला तो जोडावा लागतो.

दोन कंसांनी होणारा घोटाळा

कधीकधी उलटंच होतं. पान उघडताच, क्लिक न करताच काम होऊन जातं आणि नंतर क्लिक केलं तर काहीच होत नाही.

इथे लिसनर जोडताना फंक्शनच्या नावापुढे कंस दिलेले असतात. कंस दिले की 'हे फंक्शन आत्ताच चालव' असा अर्थ होतो. नुसतं नाव दिलं, तर 'वेळ आली की हे चालव' असा. लिसनरला नुसतं नाव द्यायचं असतं.

फॉर्ममधलं बटण पान का रीलोड करतं?

फॉर्मच्या आत बटण ठेवलं आणि त्याचा प्रकार सांगितला नाही, तर ब्राऊझर त्याला 'सबमिट' बटण समजतो. क्लिक झालं की फॉर्म पाठवला जातो आणि पान नव्याने लोड होतं. जावास्क्रिप्टने स्क्रीनवर दाखवलेला मेसेज क्षणभर चमकून गायब होतो. वापरणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही.

बटण फॉर्म पाठवण्यासाठी नसेल, तर त्याचा टाईप स्पष्टपणे 'बटन' असा लिहावा. फॉर्म पाठवण्याचं काम जावास्क्रिप्टच करणार असेल, तर फॉर्मच्या 'सबमिट' इव्हेंटला लिसनर जोडून त्यात 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' वापरावं. त्याने ब्राऊझरची नेहमीची कृती थांबते.

नंतर आलेल्या बटणांचं काय?

समजा, खरेदीच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'काढून टाका' हे बटण आहे. आधीपासून असलेल्या वस्तू काढता येतात, पण नवी टाकलेली वस्तू काढता येत नाही. कारण लिसनर जोडले गेले तेव्हा ते बटण अस्तित्वातच नव्हतं.

याचं उत्तर क्लिकच्या प्रवासात आहे. बटणावर झालेलं क्लिक तिथेच थांबत नाही. ते बटणाकडून त्याच्या बाहेरच्या चौकटीकडे, तिथून आणखी वर असं पानाच्या टोकापर्यंत जातं. पाण्यातला बुडबुडा वर यावा तसं. म्हणून याला 'बबलिंग' म्हणतात.

नव्वदच्या दशकात ब्राऊझर कंपन्यांमध्ये यावर एकमत नव्हतं. नेटस्केपमध्ये इव्हेंट वरून खाली यायचा, तर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये खालून वर जायचा. नोव्हेंबर २००० मध्ये वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने मान्य केलेल्या प्रमाणात दोन्ही दिशा सामावून घेतल्या गेल्या. आधी वरून खाली, मग खालून वर. आजही क्लिकचा प्रवास असाच होतो.

त्यामुळे प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर जोडण्याऐवजी पूर्ण यादीला एकच लिसनर जोडता येतो. आतल्या कुठल्याही बटणावरचं क्लिक, ते बटण जुनं असो वा नवं, वर येतच असतं. याला 'इव्हेंट डेलिगेशन' म्हणतात. मात्र बटणात आयकॉन असेल, तर क्लिक आयकॉनवर झाल्याची नोंद होऊ शकते. अशा वेळी 'क्लोजेस्ट' ही आज्ञा वापरून त्या आयकॉनच्या बाहेरचं बटण शोधावं लागतं.

आणखी एक छुपी चूक 'इनर एचटीएमएल'मुळे होते. एखाद्या चौकटीत यातून नवा मजकूर जोडला, की ब्राऊझर त्या चौकटीतलं सगळं पुसून पुन्हा तयार करतो. बटणं दिसायला तीच असतात, पण त्यांना जोडलेले लिसनर गेलेले असतात.

समोर दिसतं, पण मध्ये पडदा आहे

कन्सोल स्वच्छ आहे, बटण सापडतंय, तरीही क्लिक लागत नाही. अशा वेळी संशय डिझाईनवर घ्यावा. पॉपअपची पारदर्शक पार्श्वभूमी किंवा वर चिकटवलेला मेन्यू बटणावर पसरलेला असू शकतो. क्लिक त्यालाच लागतं.

हे तपासायला बटणावर राईट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडावं. बटणाऐवजी भलताच एलिमेंट निवडला गेला, तर अडथळा सापडला. 'पॉइंटर इव्हेंट्स' हा गुणधर्म बंद असेल किंवा बटण 'डिसेबल्ड' असेल, तरीही क्लिकची नोंद होत नाही.

एक क्लिक, दोन ऑर्डर

काम दोनदा होणं हा काहीच न होण्यापेक्षा महाग पडणारा दोष आहे. पॉपअप उघडताना दरवेळी त्यातल्या बटणाला नवा लिसनर जोडला जात असेल, तर तिसऱ्यांदा उघडल्यावर एका क्लिकमध्ये काम तीनदा होतं. प्रत्येक वेळी नव्याने लिहिलेलं निनावी फंक्शन वेगळं धरलं जातं. तेच नाव असलेलं एकच फंक्शन पुन्हा जोडलं, तर ब्राऊझर दुसरी नोंद करत नाही.

शिवाय प्रतिसाद दिसला नाही की माणूस पुन्हा बटण दाबतोच. पैसे भरण्याच्या पानावर पहिल्या क्लिकनंतर बटण तात्पुरतं बंद करून 'थांबा, काम चालू आहे' असं दाखवायला हवं. दुहेरी व्यवहार रोखणारी तपासणी सर्व्हरवरही असायलाच हवी.

माऊस न वापरणाऱ्यांसाठी ते बटण आहे का?

काही वेळा बटण विकसकाच्या कॉम्प्युटरवर उत्तम चालतं, पण काही लोकांसाठी ते कायमच बंद असतं. 'डिव्ह' नावाच्या साध्या चौकटीला रंग देऊन, क्लिकचा लिसनर जोडून बनवलेलं 'बटण' हे त्याचं उदाहरण. माऊसने ते चालतं. पण कीबोर्डवरच्या टॅबने त्यावर पोहोचता येत नाही, एंटर किंवा स्पेसबारने ते दबत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्ती वापरतात तो स्क्रीन रीडर ते बटण असल्याचं सांगत नाही.

खरा 'बटन' टॅग वापरला, तर या सगळ्या सोयी ब्राऊझर स्वतःच देतो. एवढाच बदल पुरेसा असतो.

भारतात हा आता केवळ चांगल्या सवयीचा मुद्दा उरलेला नाही. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ई-केवायसी करताना येणाऱ्या अडचणींबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं त्यात म्हटलं आहे. न्यायालयाने यासाठी २० निर्देशही दिले.

बटण चालत नसेल, तर या क्रमाने तपासा

१. कन्सोलमध्ये लाल मेसेज आहे का? पहिली एरर आधी सोडवा.

२. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'कन्सोल लॉग' लिहून फाईल लोड होतेय का, ते पाहा.

३. शोधलेलं एलिमेंट 'कन्सोल लॉग'ने छापून पाहा. 'नल' आलं, तर क्रम आणि नाव तपासा.

४. लिसनरच्या आत पहिल्याच ओळीत एक मेसेज छापा. क्लिक केल्यावर तो दिसला नाही, तर क्लिक वाटेत अडतंय. 'इन्स्पेक्ट' करून बटणावर काही पसरलंय का, ते पाहा.

५. मेसेज दोनदा दिसला, तर लिसनर दोनदा जोडला गेलाय.

६. शेवटी माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर वापरून तेच काम करून पाहा.

सहावी पायरी करायला एक मिनिटही लागत नाही. पण शेवटच्या दिवशी अर्ज भरायला बसलेल्या एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा अर्ज जाणार की नाही, हे त्या एका मिनिटावर ठरू शकतं.