परिचारिका-भूलशिक्षण : प्रवेशपात्रता
अमेरिकेत भूल देणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासक्रमासाठी लागणारी पूर्वअर्हता. अगाथा हॉजिन्स यांनी 1915 मध्ये क्लीव्हलँडच्या लेकसाइड रुग्णालयात असे विद्यालय सुरू केले. 2022 पासून नवे प्रवेश केवळ डॉक्टरेट स्तरावर होतात. परिचर्येची किंवा समकक्ष विषयातील पदवी, वैध नोंदणी (पहा : परिचर्या) आणि अतिदक्षता विभागातील किमान 1 वर्षाचा पूर्णवेळ अनुभव अनिवार्य असतो. गुणसरासरी सामान्यतः 4 पैकी किमान 3 लागते. रसायनशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान व संख्याशास्त्र हे विषय अनेक विद्यापीठे मागतात. उत्तीर्ण होऊन बरीच वर्षे लोटली असल्यास ते पुन्हा करावे लागतात. यांतील रसायनशास्त्र सर्वांत निकडीचे : श्वासावाटे दिलेले भुलीचे औषध फुप्फुसातून रक्तात किती उतरेल, हे वायूचा आंशिक दाब व विद्राव्यता यांवर ठरते (पहा : शुद्धिहरण).