पायाखालची गंगा



आपली दिंडी शंभर वर्षांची झाली. या शंभर वर्षांत वीणा किती खांद्यांवरून गेला, हे जुनी माणसं सांगतीलच. आम्ही इथे लिहितो आहोत ते त्र्यंबकच्या नदीविषयी, कारण आपलं पहिलं पाऊल दरसाल तिच्याच काठावरून पडतं.

त्र्यंबकला तिला गोदावरी क्वचितच म्हणतात, गंगाच म्हणतात. ब्रह्मगिरी सुमारे 1,300 मीटर उंच, सगळा काळा पाषाण. पावसाळ्यात डोंगरावर पडलेलं पाणी खडकाच्या भेगांत मुरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्यातून झरा होऊन बाहेर येतं. गंगाद्वाराच्या गोमुखातली धार ती हीच. गौतम ऋषींनी दर्भानं तिला अडवलं ते कुशावर्त, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे गावातच तिला अहल्या मिळते. इथे ती लहान पोरगी, पण पुढे 1,465 किलोमीटर चालून समुद्राला जाते.

याच डोंगराला प्रदक्षिणा घालताना वाघ आडवा आला, छोटे निवृत्तिनाथ चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, असं परंपरा सांगते. तिथे मिळालेला उपदेश त्यांनी धाकट्या भावंडांना दिला. ज्ञानोबा, सोपानकाका, मुक्ताई पुढे गेल्यावर थोरल्या दादांनी शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, याच गावात समाधी घेतली. म्हणून पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकला येतो, आणि आषाढीसाठी नाथांची पालखी इथूनच निघते.

नदीबरोबर खाली गेलं तर संतांचीच गावं लागतात. ज्ञानेश्वरी झाली ते नेवासे प्रवरेकाठी, आणि प्रवरा गोदेलाच मिळते. पैठणला नाथमहाराजांनी 1599 मध्ये गोदेतच देह ठेवला. पुढे ज्ञानोबांच्या पूर्वजांचं आपेगाव, आणि त्याच्याही पुढे जनाबाईंचं गंगाखेड. सगळी एकाच धारेवरची.

पण आपली वाट या धारेबरोबर जात नाही. नाशिक, सिन्नर करत, प्रवरा ओलांडून आपण नगरला पोचतो. तिथलं पाणी सीनेला जातं आणि सीना भीमेला. म्हणजे चालता चालता आपण गोदेचं खोरं सोडून चंद्रभागेच्या खोऱ्यात उतरतो. त्र्यंबकचं पाणी आपणहून पंढरपूरला कधीच जात नाही. ते न्यावं लागतं. म्हणूनच आपल्या दिंडीतली जुनी माणसं गंगाद्वाराची धार तांब्यात भरून, फडक्यानं तोंड बांधून, चंद्रभागेत नेऊन ओतायची. पोरवयात आम्हाला वाटायचं, नुसती रीत आहे. आता कळतं की या दोन नद्यांची गाठ वारकऱ्याच्या तांब्यातच पडते.

तांब्या आजही जातो. पण गावातून उतरताना मान खाली जाते. वस्ती वाढली, गाड्या वाढल्या, तसा नदीवर जागोजागी काँक्रीटचा स्लॅब पडला. काही ठिकाणी तर आपल्या पायाखाली गंगा आहे, हे नव्या वारकऱ्याला सांगावं लागतं. तिच्यात सांडपाणीही येतं. दोष दुसऱ्यावर ढकलणं सोपं आहे, माउली. पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी काठावर पडलेले द्रोण, प्लास्टिकच्या पिशव्या, साबणाचे कागद कुणाचे? आपलेच. त्यात आमच्याही राहुट्यांचे होते. हे शंभराव्या वर्षी लपवून काय मिळणार?

तेव्हा या वर्षापासून दिंडीनं ठरवलंय ते असं. गंगेत साबण लावायचा नाही. निर्माल्य गोळा करून शेतात खड्ड्यात घालायचं. मुक्काम उठताना दोन टाळकरी मागे थांबून काठ झाडतील, आणि हा मान पाळीपाळीनं सगळ्यांना मिळेल. आणि गावी परतल्यावर आपापल्या शिवारातल्या झऱ्याकडे, ओढ्याकडेही बघा. वरचं रान उघडं पडलं की खालचा झरा आटतो, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगायचं!

दुसऱ्या शंभरीत जो कुणी वीणा घेऊन या काठावर उभा राहील, त्याच्याही तांब्यात ही धार पडली पाहिजे. एवढंच मागणं नाथांच्या पायाशी.

रामकृष्णहरी.