शिक्का आणि मत

‘समाजवाद’ हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. १९५५ साली आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला; १९७६ साली हा शब्द घटनेच्या उद्देशिकेतही आला. अमेरिकेत मात्र तो पुष्कळदा विरोधकाने उमेदवाराच्या कपाळी मारलेला शिक्का असतो. हा शिक्का मतांचे काय करतो, ते दोन ठिकाणच्या इतिहासावरून पाहू या.

पहिले ठिकाण कॅलिफोर्निया. अप्टन सिंक्लेअर हे तिथले नामवंत कादंबरीकार आणि जुने समाजवादी. १९२६ आणि १९३० साली ते समाजवादी पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. मते पडली पन्नास हजारांच्या आसपास. पुढे मंदीने लाखो लोक बेकार झाले. १९३३ साली सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षात शिरले आणि १९३४ च्या निवडणुकीसाठी ‘कॅलिफोर्नियातील दारिद्र्य संपवा’ अशी घोषणा दिली. पडीक जमिनी आणि बंद कारखाने सरकारने घ्यावेत, बेकारांनी तिथे आपले अन्नवस्त्र आपणच पिकवावे, बनवावे, आणि म्हाताऱ्यांना दरमहा ५० डॉलर पेन्शन मिळावी, अशी त्यांची योजना. माणूस तोच, विचारही बहुतेक तेच; पाटी तेवढी बदलली. आणि काय आश्चर्य! पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना चार लाखांहून अधिक मते मिळाली.

मग विरोधक जागे झाले. सिंक्लेअर यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये उचलून ती लेखकाचीच मते म्हणून वर्तमानपत्रांत छापली गेली. चित्रपटगृहांतून बनावट मुलाखतींच्या फिती दाखवल्या. त्यांत साधासुधा, नीटनेटका माणूस विरोधकांच्या बाजूचा; आणि दाढीवाला, परदेशी उच्चारात बोलणारा माणूस सिंक्लेअर यांच्या बाजूचा! योजनेची चर्चा बाजूला राहिली, भीती तेवढी पसरली. नोव्हेंबरात फ्रँक मेरियम यांना ११ लाख ३८ हजार मते पडली, सिंक्लेअर यांना ८ लाख ७९ हजार. लोक समाजवाद स्वीकारतील, त्याचे नाव स्वीकारणार नाहीत, असा निष्कर्ष सिंक्लेअर यांनी पुढे १९५१ साली नॉर्मन थॉमस या समाजवादी पुढाऱ्याला पत्राने कळवला.

पण हा निष्कर्ष सगळीकडे लागू पडतो का? आता दुसरे ठिकाण पाहा : विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहर. १९१० साली इथून व्हिक्टर बर्गर निवडून आले. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जाणारे ते पहिले समाजवादी. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून त्यांना शिक्षा झाली. १९१८ साली ते पुन्हा निवडून आले, तर सभागृहाने त्यांना बसू दिले नाही. १९१९ च्या डिसेंबरात फेरनिवडणूक झाली. मतदारांनी पुन्हा बर्गर यांनाच धाडले! सभागृहाने पुन्हा दार लावले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि १९२२ च्या निवडणुकीनंतर त्यांना आसन मिळाले.

याच शहरात डॅनियल होन हे समाजवादी गृहस्थ १९१६ ते १९४० अशी चोवीस वर्षे महापौर होते. स्वच्छ कारभार, आरोग्य, सांडपाण्याची व्यवस्था यांवर त्यांचा भर. ‘गटारी समाजवादी’ अशी मिलवॉकीकरांची थट्टा खुद्द दुसऱ्या समाजवाद्यांनीच केली. पण घरासमोरचे गटार वाहते राहिले, की मतदार पाटीला भीत नाही. १९४८ ते १९६० या काळात, अमेरिकेत कम्युनिस्टांची धास्ती शिगेला पोचली असतानाही, याच शहराने फ्रँक झाइडलर या समाजवाद्याला महापौर केले.

अलीकडे बर्नी सँडर्स यांनी स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवून २०१६ व २०२० साली अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. अनेक राज्ये जिंकली, पण उमेदवारी मिळाली नाही. उलट २०२५ च्या नोव्हेंबरात तेच नाव लावणारे झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर निवडून आले.

तात्पर्य काय? शिक्का लांबून फार मोठा दिसतो. ज्याचे काम दारात आले नाही, त्याला लोक शिक्क्यावरूनच ओळखतात. ज्याचे काम रोज डोळ्यांसमोर आहे, त्याचा शिक्का फिका पडतो. म्हणून कुणी एखाद्या उमेदवारावर एका शब्दाचा शिक्का मारला, तर सुज्ञ मतदाराने एवढेच विचारावे : शब्द राहू द्या, योजना काय आहे, ते सांगा.