दोन नांवांचा मनुष्य

मुलें ज्याच्या हातीं सोंपवावयाचीं, त्याचा पूर्वेतिहास पाहावा, ही रीत इंग्लंडांत जुनीच आहे. ती कोठें फसते, हें सोहम गांवीं दिसलें. २००१ सालीं तेथील शाळेंत एक रखवालदार नेमला गेला. हंबरसाइड भागांत त्याच्यावर अत्याचाराचे अनेक आरोप आले होते. पण शिक्षा झाली नव्हती, आणि पोलिसांनीं ती माहिती नीट जपली नाहीं. नेमणुकीच्या वेळीं त्याच्या आईच्या माहेरच्या आडनांवानें चौकशी झाली. मूळ नांवाचा शोध बहुधा घेतलाच गेला नाहीं. ऑगस्ट २००२ मध्यें त्यानें दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला.

बिचर्ड समितीनें २००४ सालीं हे दोष दाखविले, आणि २००६ सालीं अपात्र माणसांची यादी ठेवणारा कायदा झाला. दाखला कोरा असला म्हणून माणूस निर्दोष ठरत नाहीं. एका कचेरीस ठाऊक असलेलें दुसरीस कळेल, तेव्हांच मुलांच्या दाराशीं खरा पहारा बसतो.