नऊ इंचांचा कायदा

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे हॅटपिन. हसू नका! वस्तू टाचणीच्याच कुळातली, पण तिच्या लांबीवर एका मोठ्या शहराच्या नगरपालिकेत मतदान झालंय आणि तिच्यापायी बायका तुरुंगातही गेल्यात.

आधी वस्तू समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकात बराच काळ युरोप-अमेरिकेतल्या बायका बॉनेट घालत. बॉनेट म्हणजे हनुवटीखाली रिबिनीची गाठ मारून बांधायची टोपी. साधारण १८८० नंतर ती मागे पडली आणि डोक्यावर नुसती ठेवायची हॅट आली. गाठ नाही, मग ती वाऱ्यात टिकणार कशी? तर केस वर घेऊन भलामोठा अंबाडा घालायचा आणि एक लांब पोलादी पिन हॅटमधून आत, अंबाड्यातून आरपार, पुन्हा हॅटमधून बाहेर. १९०७ साली लंडनमध्ये 'द मेरी विडो' ही संगीतिका गाजली आणि तिच्या नायिकेच्या हॅटने कहर केला. हॅट्स खांद्यापेक्षा रुंद झाल्या. जेवढी हॅट मोठी तेवढी पिन लांब, अगदी दहा-बारा इंचांपर्यंत.

पिनेचं डोकं ही खरी हौसेची जागा. पैसेवाल्यांसाठी सराफ होतेच. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरच्या चांदीच्या हॅटपिना संग्राहक आजही शोधत असतात. पण हे काम घरीही जमण्यासारखं होतं. साधी पोलादी पिन आणायची आणि डोकं आपल्या पसंतीचं बसवायचं: काचेचा मणी, रंगीत लाखेचा गोळा, जुनं बटण. सैनिकांच्या कोटाच्या बटणांपासून केलेल्या हॅटपिनाही सापडतात. आजही हौशी लोक त्या घरी करतात. पिनेच्या टोकाकडून मणी ओवत वर सरकवायचे, शेवटी एक छोटा धातूचा मणी पकडीने दाबून घट्ट करायचा, आत थेंबभर गोंद आणि टोकाला टोपण. अर्ध्या तासाचं काम, टेस्टिंगसकट :)

आता गोष्टीला वळण. हा तोच काळ, जेव्हा अमेरिकेतल्या शहरांत तरुण मुली कारखान्यात, दुकानात, टायपिंगच्या कामाला एकट्या जाऊ लागल्या होत्या. ट्राम भरलेल्या, आणि त्यात रोडरोमिओ. तिकडे त्यांना 'मॅशर' म्हणत. मे १९०३ मध्ये न्यूयॉर्क बघायला आलेली कॅन्ससची लिओटी ब्लेकर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या घोडागाडीच्या बसमध्ये चढली. शेजारचा म्हातारा गृहस्थ गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर जवळ सरकत होता. शेवटी त्याचा हात तिच्या पाठीमागे आला. लिओटीने शांतपणे हॅटमधून जवळजवळ फूटभर लांब पिन काढली आणि त्याच्या दंडात खुपसली. गृहस्थ ओरडला आणि पुढच्याच थांब्यावर उतरला. तिने हे सगळं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राला बिनधास्त सांगितलं. असे किस्से मग पेपरांत येतच राहिले.

पहिल्यांदा लोकांनी कौतुक केलं. हळूहळू सूर बदलला. हेही खरं, की गर्दीत बाहेर आलेल्या टोकांनी निरपराध लोकांचे गाल आणि कान ओरबाडले जात होते. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण उपाय काय निघाला बघा. मार्च १९१० मध्ये शिकागोच्या नगरपालिकेने नऊ इंचांपेक्षा लांब हॅटपिनांवर बंदी घातली. दंड ५० डॉलरपर्यंत. बाजूने ६८ मतं, विरोधात २. चर्चेच्या वेळी एका बाईने सरळ सुनावलं होतं की पिना काढून घ्यायच्या असतील तर आधी रस्ते सुरक्षित करा. पुढे बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांनीही असेच नियम केले. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९१२ मध्ये साठ बायकांनी हॅटपिनेचा दंड भरायला नकार दिला आणि त्या तुरुंगात गेल्या.

मला यातली गंमत (खरं तर गंमत नव्हेच) अशी दिसते. सिस्टीममध्ये बग आहे आणि अलार्म वाजतोय. आपण काय केलं? अलार्मचा आवाज कमी केला आणि तिकीट क्लोज! पिन मोजता येते, तिच्यावर नियम लिहिता येतो, पोलिसाला फूटपट्टी देता येते. गर्दीत मागून सरकणाऱ्या हाताची लांबी कोण मोजणार? आणि मतदान करणारे ते ७० सदस्य सगळे पुरुष होते. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळाला तो १९२० साली.

हॅटपिन शेवटी कायद्याने संपली नाही, फॅशनने संपली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॅट्स लहान झाल्या, मग केसांचा बॉबकट आला, आणि विसाच्या दशकातली घट्ट बसणारी क्लोश हॅट पिनेशिवायच डोक्यावर राहायची. अंबाडाच नाही तर पिन अडकवणार कशात?

पण तिचं काम काही संपलं नाही. आपल्याकडे बघा. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं ते कपड्यांसाठी. आपल्या आया-मावश्या ती बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात अडकवून ठेवतात, पदरासाठी. आणि गर्दीच्या बसमध्ये ती कशासाठी उघडायची, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, म्हणजे निदान गाडीपुरता तरी वेगळा उपाय निघाला. पण बसस्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता स्पेशल नसतो ना.

म्हणून एक सुचवतो. घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या बाईला सहज विचारा, पर्समध्ये पिन आहे का आणि कशासाठी. उत्तर 'साडीसाठी' एवढंच आलं तर बरंच. नाही आलं, तर तिला 'सांभाळून जा' सांगण्याआधी तिचं सगळं ऐकून घ्या.